भोपळ्याच्या गुंडाळ्या

साझ-तेरेक, चुई खोरं
१२ सप्टेंबर १९९४

जानिल,

पत्र मागाहून वाच, आधी सापारच्या ट्रकमधून बरण्या उतरवून घे. त्यानं त्या गवतात रोवून आणल्यात. उतरवायला तुझ्या नवऱ्याला पाठवू नकोस. गेल्या वर्षी त्यानं बरणी पायावर घेतली आणि महिनाभर लंगडत मलाच शिव्या घातल्या, ते मी विसरलेली नाही.

टोमॅटो आहेत, काकड्या आहेत, मिठातला कोबी पिंपात आहे. लाल चिंधी बांधलेल्या बरण्या वांग्यांच्या. यंदा वांगी अशी लागली की झाडं वाकून जमिनीला टेकली. शेजारची शारीपा, मी आणि माझी सून चिनार, तिघींनी अंगणात चूल मांडून नुसती वांगी चिरली, तळली आणि बरण्यांत दाबली. चिनारची बोटं अजून काळी आहेत. व्हिनेगर बाजारात औषधालाही नव्हतं. शारीपाकडं एक बाटली उरली होती, तीच सगळ्यांत थोडी थोडी घातली. दात कोरून पोट भरत नाही हे मलाही कळतं, म्हणून लसूण दुप्पट घातला. लसणापुढं कुठला रोग टिकतो? गॅसचाही काही भरवसा नाही, लाकूड जपून वापरायचं, तेव्हा बरण्या भरल्यावर फार उकळत बसलो नाही. गरम असतानाच झाकणं आवळली, बरण्या उलट्या केल्या आणि रजयांखाली निजवल्या. दुसऱ्या दिवशी रजया काढल्या तर अजून कोमट होत्या, तान्ह्या पोरांसारख्या. एकही झाकण फुगलं नाही. शारीपा म्हणाली, "उलकान, तुझ्या हाताला यश आहे." मी म्हटलं, "माझ्या हाताला नाही, माझ्या सुनेच्या पाठीला. वाकून वाकून तीच मोडलीय."

आता नीट ऐक. तुमच्या नारिनला बटाट्याशिवाय काही उगवत नाही, आणि डोलोनचा घाट बर्फानं बंद झाला की मला तुझ्यापर्यंत एक गाजर पोचवता येत नाही. तुझ्या नवऱ्याची शाळा पगाराच्या जागी रबरी बूट देते. बूट शिजवून खाणार आहात का? लाल चिंधीच्या बरण्या नवीन वर्ष उलटल्यावरच उघडायच्या, घरच्यांसाठी. पाहुण्यांपुढं एकही नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. घरात खायला नसलं तरी चालेल, पण दारात आलेल्यापुढं ताट भरलेलं पाहिजे.

रिकाम्या बरण्या परत पाठव, झाकणांसकट.

तुझी ताई,
उलकान


नारिन
२५ सप्टेंबर

उलकानताई,

बरण्या पोचल्या. काकडीची एक फुटली, आणि हो, ह्यांनीच फोडली. मी पाठवलं नव्हतं, स्वतःच धावले. ह्या खेपेला पाय वाचला, म्हणून शिव्याही वाचल्या.

सासूबाई दारात बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "आली बघा गवताची गाडी. सून आणली असं पंचवीस वर्षं समजत होतो, घरात शेळी आणली की काय." डोंगरातली माणसं, त्यांना मांसाशिवाय जेवण माहीत नाही. पण ताई, गेल्या फेब्रुवारीत ह्याच सासूबाईंनी तुझ्या टोमॅटोच्या बरणीचा तळ पावानं पुसून खाल्ला होता. मी बघितलं, त्यांनीही बघितलं की मी बघितलं. तेव्हापासून जरा जास्तच गवत गवत करतात.

बरण्या मी भिंतीशी मांडून ठेवल्यात, लाल चिंध्या पुढं. उगाच जाता येता बघते. खरं सांगू का, यंदा हिवाळ्याची मला भीती वाटते. ह्यांना खोकला लागलाय, पोरगा रशियात कामाला गेलाय तो अजून काही कळवत नाही, आणि घरात सून आणि नातू आहेत. तुझ्या बरण्या बघितल्या की वाटतं, निघेल हा हिवाळा.

बातमी अशी की आपला एर्मेक उभा राहायला लागला. तेव्हा त्याच्या पायांची दोरी कापायचा समारंभ ऑक्टोबरात करायचा ठरलाय. पाऊल टाकायला लागलेल्या पोराच्या पायांत दोरी बांधून ती कापायची, नाहीतर पोर जन्मभर अडखळेल, असं सासूबाई म्हणतात, आणि मेंढी कापायची, नाहीतर त्या स्वतः जन्मभर बोलतील. एकच मेंढी आहे. तू ये, चिनारला घेऊन ये. आणि लाल चिंधीला मी हात लावणार नाही, तुझी शपथ.

जानिल


साझ-तेरेक
४ ऑक्टोबर

जानिल,

मला यायला जमणार नाही. कोबी अजून शेतात उभा आहे, गाजरं आणि मुळे खड्ड्यात पुरायचेत, वर पेंढा घालायचाय, आणि पहिलं दव गोठायला लागलंय. बाग कुणाची वाट बघत नाही, नातवाचीसुद्धा. एर्मेकला माझा पापा दे.

पण माझं एक काम तुला करायचंय, आणि ते हसण्यावारी न्यायचं नाही.

परवा माझ्या तुरातचे थोरले काका आले होते. चहा प्यायले, पाव खाल्ला, दाढी पुसली आणि म्हणाले, "उलकान, सहा वर्षं झाली. रिकामा पाळणा किती दिवस झुलवणार? ह्या हिवाळ्याआधी पोरीला माहेरी पोचवा, तुरातला दुसरी बघू." माझा मुलगा समोर बसला होता. जानिल, तो नुसता पेल्यातला चहा ढवळत बसला, साखर नसताना. आणि चिनार तिथंच होती, काकांना चहा ओतत होती. थेंब सांडला नाही तिचा.

ती गेल्यावर मी काकांना जे बोलायचं ते बोलले. पण ते पुन्हा येतील. चार माणसं घेऊन येतील. माझ्या एकटीच्या बोलण्यानं किती दिवस थांबणार?

मला ती पोरगी हवी आहे. हे मी कुणाला बोलले नाही, तिला तर नाहीच. सहा वर्षांत ती माझ्यापुढं कधी मान वर करून बोललेली नाही. तिच्या आईनं शिकवून पाठवलंय, सासूनं दिवसाला रात्र म्हटलं तर उठून दिवा लावावा. कधी कधी मला तिचा राग येतो. मी मीठ जास्त टाकलं तरी "छान झालंय, आई." अगं छान कुठलं, घशाखाली उतरत नाही! पण बागेत मी एक वाफा खणेपर्यंत तिचे दोन झालेले असतात, आणि मला ताप आला तेव्हा ती माझ्या पायाशी जमिनीवर झोपली होती.

तर पोराच्या समारंभाचा केशिक मला पाठव. पंगतीतून घरी न्यायचा वाटा तुम्ही सगळ्यांना बांधून देताच, तसाच चिनारसाठी वेगळा बांध. चालायला लागलेल्या पोराच्या पंगतीचा वाटा अशा बाईनं एकटीनं खावा, कुणाला देऊ नये, कण टाकू नये, मग कूस उजवते असं आपली आई म्हणायची. खूळ म्हण हवं तर. डॉक्टर झाले, पीरबाबाचा झरा झाला, आता हेच उरलंय. तुझ्या हातानं बांध. तुझी तीन पोरं जगली, तुझा हात चांगला आहे.

उलकान


नारिन
१६ ऑक्टोबर

उलकानताई,

समारंभ झाला! पाय दुखतात, पाठ दुखते, पण झाला. दोरी कापायला पोरांची शर्यत लावली. पहिली आलेली पोरगी सुरी घेऊन वाकली, दोरी कापली, सगळ्यांनी "चाल, चाल" केलं आणि आमचा एर्मेक दिमाखात खाली बसला. उठेचना. सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्या आजोबांवर गेलाय, बसायला मिळालं की झालं." मग कुणीतरी साखरेचा खडा दाखवला, तेव्हा साहेब चार पावलं चालले.

माणसं किती आली विचारू नकोस. एका मेंढीत सगळा मोहल्ला जेवला, खुदानंच निभावलं. कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही.

चिनारचा केशिक मी सगळ्यांत शेवटी, स्वतःच्या हातानं बांधला. पाहुणे गेल्यावर हात धुतले, तिचं नाव घेतलं आणि बांधला. तळलेल्या पिठाचे बोरसोक आहेत, मेंढीच्या पाठीचा तुकडा आहे, खडीसाखर आहे. फडक्यात वेगळ्या गुंडाळ्या आहेत, पातळ पोळीत भरलेल्या. त्या भोपळ्याच्या. शेजारणीनं खालच्या खोऱ्यातून भोपळा आणला होता, तो परतून घातला. खास तिच्यासाठी केल्यात, पंगतीत वाढल्या नाहीत. तिला सांग मावशीनं सांगितलंय, सगळ्या संपवायच्या. आणि तुरातला हात लावू देऊ नकोस, त्याला चहाच ढवळू दे.

लाल चिंध्यांचं विचारशील. आहेत आपल्या जागी. तू माझ्यावर फार संशय घेतेस.

सापार उद्या पहाटे निघतोय, म्हणून एवढंच.

जानिल


साझ-तेरेक
२० ऑक्टोबर

जानिल,

हे वाचलंस की पहिली गोष्ट, लाल चिंधीच्या बरण्या उचल आणि घराबाहेर काढ. उघडू नकोस, वास घेऊ नकोस, बोट बुडवून चाखू नकोस. सगळ्या. पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा खोल खड्ड्यात पुर. टोमॅटो आणि काकड्यांची भीती नाही असं म्हणतात. पण वांगी नको.

शारीपाच्या नवऱ्यानं, इदिरिसनं, रविवारी वांग्याची बरणी उघडली. माझ्या अंगणात भरलेलीच. शारीपानं दोन घास खाल्ले, त्यानं वाटीभर. सोमवारी त्याला उलट्या. वाटलं, मासळी बाधली. मंगळवारी पाणी गिळता येईना, नाकातून परत येऊ लागलं, आवाज बोबडा झाला. काल दोघांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्या अंगावर ओरडली, "व्हिनेगर नाही, उकळी नाही, हवा बंद केलेलं वांगं! कुणी शिकवलं तुम्हाला?" ती म्हणाली, ह्या विषाला रंग नाही, वास नाही, झाकणही फुगायलाच पाहिजे असं नाही. एका बरणीत असतं, शेजारच्या बरणीत नसतं. माझ्या लसणाची फुशारकी आठवली आणि तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. इदिरिस श्वास घेतो तो बघवत नाही. गावात लोक मला बघून बोलायचे थांबतात.

आमच्या घरात एकही बरणी उघडलेली नव्हती, सगळ्या हिवाळ्यासाठी जपल्या होत्या. म्हणून आम्ही वाचलो. काल सगळ्या पुरल्या. तुझा हिवाळा मीच बुडवला, जानिल. गाजर, बटाटे, जे असेल ते घाट बंद व्हायच्या आत पाठवते. पण आधी त्या बरण्या पुर. पोस्टातला फोन मुका आहे, तारांचं तांबं कुणीतरी कापून विकलं. म्हणून सापारला हात जोडून आजच उलटा पाठवतेय.

आणि एवढ्या अंधारात एक गोष्ट आहे. लिहू की नको असं झालंय, दृष्ट लागेल, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला? चिनारला कालपासून उलट्या होतायत! केशिक आला त्या दिवशी मी तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिला समोर बसवून सगळं खायला लावलं. दोन दिवस पुरवून खाल्लं बिचारीनं, भोपळ्याची शेवटची गुंडाळीसुद्धा काल सकाळी संपवली. आणि लगेच चक्कर, मळमळ, सारखी तहान. तोंडाला कोरड पडते म्हणते. मला तुरातच्या वेळी अस्संच झालं होतं! केशिकानं काही एका रात्रीत पोर येत नाही, एवढं मलाही कळतं. आधीच राहिलं असणार, केशिकानं फक्त दाखवून दिलं. तुरातला सांगितलं तर तो अंगणात जाऊन लाकडं फोडत बसला, दोन हिवाळे पुरतील एवढी. रडत होता गं. आता येऊ देत काकांना.

हे लिहिताना चिनार दारात उभी आहे. माझी जुनी खोड, लिहिते ते मोठ्यानं वाचत लिहिते. ती सगळं ऐकतेय आणि खाली बघतेय. मी म्हटलं, "लाजतेस काय, खरंच आहे ना?" तर म्हणाली, "तुम्ही म्हणता तसंच असेल, आई."

बरण्या पुर. आधी ते.

उलकान


नारिन
२१ ऑक्टोबर

ताई, त्या गुंडाळ्या भोपळ्याच्या नव्हत्या.

वांगी होती. लाल चिंधीची बरणी. चिनारला पोर राहिलेलं नाही, ताई, तिला विष चढलंय. पत्र खाली टाक आणि तिला इस्पितळात ने. आत्ता. डॉक्टरांना सांग वांगी खाल्लीत, बरणीतली. नाव सांग, लपवू नकोस, ते विचारतील मासळी खाल्ली का, मांस खाल्लं का. वांगी म्हणून सांग. मग उरलेलं वाच.

नेलंस का?

मी खोटं लिहिलं. समारंभाच्या दिवशी मेंढीचं मांस अर्ध्या पंगतीत संपलं. सासूबाईंच्या माहेरची माणसं बसली होती, ताटात नुसता पाव. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझ्या माहेरचं गवत तरी आण." मी लाल चिंधीच्या दोन बरण्या उघडल्या. सगळ्यांनी बोटं चाटली. तुझं नाव विचारलं. त्या पंगतीत पहिल्यांदा माझी मान ताठ झाली, ताई. मग पाहुणे गेले आणि मी चिनारचा केशिक बांधायला घेतला तर मांसाचा एकच तुकडा उरला होता. एवढा गरीब वाटा कसा पाठवू? म्हणून तिसरी बरणी उघडली. ती फक्त चिनारसाठी. वास चांगला होता, लसणाचा. मी चाखलीही नाही, सगळी तिच्या गुंडाळ्यांत भरली. आणि तुला काय सांगू म्हणून भोपळा लिहिलं. तू ओरडशील एवढीच भीती होती. बाकी कसलीच नव्हती.

तुझं पत्र सापारनं दिलं तेव्हा मी पीठ मळत होते. तशाच हातांनी निघाले. पंगतीतल्या घरोघर गेले, केशिक उरलाय का, कुणाला उलट्या, कुणाला चक्कर. लोक विचारतात काय झालं, मी सांगत नाही, नुसती त्यांची तोंडं बघते. कुणालाच काही नाही. त्या दोन बरण्या चांगल्या होत्या. सासूबाईंनी तर शिवलंही नव्हतं, पाहुण्यांदेखत गवत कसं खाणार. म्हणजे सगळं त्या तिसरीतच होतं. घरोघर "आम्ही ठीक आहोत" ऐकत गेले. सगळे वाचले म्हणजे तीच.

तू मागितलास म्हणून पाठवला, आणि मी माझ्या हातानं बांधला. तिचं नाव घेऊन बांधला.

बाहेर बर्फ पडायला लागलंय. सापार म्हणतो घाट बंद होईल, थांबू या. मी त्याच्या ट्रकपुढं आडवी झाले. तो जातोय. ताई, तिला वाचव. मग मला काय करायचं ते कर.

जानिल


जिल्ह्याचं इस्पितळ
१ नोव्हेंबर

जानिल,

तुझं पत्र तेवीसला दुपारी मिळालं. सापारचा ट्रक घाटात रुतला. तो बर्फातून चालत खाली उतरला, मग कुणाच्या तरी गाडीतून आला. त्याच्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. त्याचा काही दोष नाही, तरी तो मला म्हणाला, "उशीर झाला का, उलकानकाकू?"

त्या दिवशी सकाळीच चिनारच्या पापण्या खाली आल्या होत्या. मी बघितलं होतं, जानिल. चहा देताना तिनं डोळे वर केलेच नाहीत. मला वाटलं लाजतेय. पोट राहिलेली सून सासूपुढं लाजणारच, म्हणून मी शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा. तिचा आवाज घोगरा झाला होता, मी म्हटलं थंडी बाधली, दूध गरम करून दिलं. दूध तिला गिळता येईना. मी म्हटलं, डोहाळे.

तुझं पत्र वाचलं आणि तुरात तिला उचलून रस्त्यावर धावला. इस्पितळात मी तुझं ऐकलं, पहिलंच नाव वांग्याचं घेतलं. त्या डॉक्टरणीनं माझ्याकडं बघितलं, पण ह्या वेळी ओरडली नाही. विषावरचा उतारा राजधानीतून यायचा होता, दुसऱ्या दिवशी आला. ती म्हणते, उतारा पुढचं थांबवतो, जे गेलं ते परत आणत नाही. परत यायचं असेल तर महिने लागतील, आणि तोपर्यंत तिच्याऐवजी कुणीतरी श्वास घेतला पाहिजे. मशीन एकच आहे आणि वीज सारखी जाते. वीज गेली की रबरी फुगा हातानं दाबायचा. तुरात दाबतो, मी दाबते. इदिरिस शनिवारी गेला. त्याच्या तिसऱ्या दिवशी शारीपा आली, अजून स्वतःच भिंत धरून चालते. माझ्या हातातून फुगा काढून घेतला आणि दाबत बसली. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं तर म्हणाली, "हात रिकामा ठेव, मी दमले की तुला घ्यायचाय."

पोटात काही नव्हतं. तेही तपासलं.

तुला शिव्या द्याव्यात म्हणून कागद घेतला होता. दोन घेतले आणि फाडले. बरणी माझी, लसूण माझा, केशिक मी मागितला, समोर बसवून मी खायला लावला. तू एक खोटं लिहिलंस. तुझा राग येतो, जानिल, खूप येतो. रात्रंदिवस येतो आणि कुठंच पोचत नाही. घाट उघडला की ये. मला तुझा हात फुग्यावर हवा आहे.

एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. घशात नळी घालायच्या आधी तिला थोडं बोलता येत होतं, जिभेत शब्द अडकत होते. मी तिला म्हटलं, "पोरी, तो भोपळा नव्हता गं. वांगी होती."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई. पहिल्या घासालाच. आपलाच लसूण."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"मावशींनी भोपळा लिहिलं होतं. तुम्ही मोठ्यानं वाचलंत, सगळ्यांसमोर. मी त्यांना खोटं कसं पाडू?"

"आणि मी बरण्यांच्या विषाचं लिहीत होते तेव्हा? दारात उभी होतीस ना? तेव्हा तरी?"

तिचे नुसते ओठ हलले. मला वाटलं आवाज गेला. मग म्हणाली, "तुम्ही किती खूश होतात. आणि मलाही वाटलं, आई म्हणतात तेच असेल."

त्यानंतर बोलली नाही.

डॉक्टरीण म्हणते तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, डोळेही शाबूत आहेत, फक्त पापण्या उचलायचं बळ नाही. म्हणून तुरात फुगा दाबतो तेव्हा मी उशाशी बसते आणि दोन बोटांनी तिच्या पापण्या वर धरते. सहा वर्षांत तिनं माझ्याकडं असं सरळ कधी बघितलं नव्हतं. मी तिला म्हणते, "चिनार, मला खोटं पाड. एकदा तरी म्हण, आई, तुम्ही चुकलात." ती बघत राहते. मग माझी बोटं दुखायला लागतात आणि मला सोडावं लागतं.

उलकान